प्राचीन अथेन्समधले घर आणि ते चालवणारी माणसे

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अथेन्समध्ये युफिलेटॉस नावाच्या एका गृहस्थावर खुनाचा खटला चालला. पत्नीच्या प्रियकराला आपल्याच घरात रंगेहाथ पकडून त्याने ठार मारले होते, आणि कायद्याने आपल्याला तसा अधिकार होता असा त्याचा बचाव होता. त्या काळी पक्षकाराला न्यायालयात स्वतःच उभे राहून बोलावे लागे. भाषण मात्र पैसे देऊन जाणकाराकडून लिहून घेता येई. युफिलेटॉसचे भाषण लिसियासने लिहिले, आणि लिसियासच्या भाषेचा पुढच्या पिढ्यांत मोठा लौकिक झाल्यामुळे ते टिकून राहिले. आपण साधे, भाबडे, संसारी गृहस्थ आहोत हे न्यायाधीशांच्या मनावर ठसवण्यासाठी युफिलेटॉस आपले घर अगदी बारकाईने वर्णन करतो, आणि त्यामुळेच हे भाषण आपल्या दृष्टीने मोलाचे ठरते. अथेन्सची लोकसभा, तिथली न्यायालये, तिथली नाटके यांच्याविषयी आपण बरेच ऐकलेले असते. पण तिथला नागरिक सभेत किंवा नाट्यगृहात दिवसभर बसू शकत होता, तो घरी कोणीतरी दळत, कातत आणि पाणी भरत असल्यामुळेच. त्या घरात नेमके काय चालत असे, हे समजून घेतल्याशिवाय अथेन्स समजत नाही, असे मला वाटते.

युफिलेटॉसचे घर लहान आणि दुमजली होते. वरचा मजला बायकांचा आणि खालचा पुरुषांचा, अशी मूळची व्यवस्था होती. मूल झाल्यावर पत्नी त्याला अंगावर पाजू लागली, आणि त्याला न्हाऊ घालायला तिला दर वेळी शिडीवरून खाली उतरावे लागे. एखादे दिवशी तिचा तोल जाईल या भीतीने नवरा-बायकोंनी मजल्यांची अदलाबदल केली आणि बायका खाली राहायला आल्या. एकदा नवरा शेतावरून अचानक परतला. रात्रीच्या जेवणानंतर मूल रडू लागले, तेव्हा पत्नी त्याला पाजण्यासाठी खाली गेली आणि जाताना थट्टेच्या सुरात वरच्या खोलीचे दार बाहेरून बंद करून किल्ली घेऊन गेली. रात्री खाली दारे करकरल्याचा आवाज झाला. सकाळी विचारले तेव्हा ती म्हणाली, मुलाजवळचा दिवा विझला होता, म्हणून शेजारून पेटवून आणला. तिच्या चेहऱ्यावर पांढरा रंग लावलेला असल्याचे नवऱ्याच्या लक्षात आले होते, आणि तिचा भाऊ वारून तीस दिवसही झालेले नव्हते. तरीही तो काही बोलला नाही. शिडी, करकरणारे दार, शेजाऱ्याच्या घरून पेटवून आणलेला दिवा, सुतकातला चेहऱ्यावरचा रंग, एवढ्या तपशिलांतून एक अख्खे घर उभे राहते.

अशा घरांच्या भिंतींचा पाया दगडाचा असे, पण त्यावरचे बांधकाम उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे आणि छप्पर भाजलेल्या कौलांचे. भिंत इतकी मऊ असे की चोर दार फोडण्याऐवजी भिंतीलाच भोक पाडून आत शिरत, आणि ग्रीक भाषेत घरफोड्याला ‘भिंत खणणारा’ अशाच अर्थाचा शब्द होता. रस्त्याच्या बाजूला शोभा अशी नसे. घराचे तोंड आत, अंगणाकडे असे. उजेड, हवा आणि पावसाचे पाणी सगळे अंगणातूनच मिळे.

घरांची सर्वांत सविस्तर माहिती खुद्द अथेन्समधून मिळत नाही, कारण तिथे गेली अडीच हजार वर्षे वस्तीवर वस्ती होत आलेली आहे. ती मिळते उत्तर ग्रीसमधल्या ओलिंथॉस या नगरातून. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इसवी सनपूर्व 348 मध्ये हे नगर उद्ध्वस्त केले, आणि 1928 पासून तिथे झालेल्या उत्खननात शंभराहून अधिक घरे उजेडात आली. दोन ओळींत पाच-पाच अशी दहा घरे मिळून एक चौक, दोन ओळींच्या मधून सांडपाण्याची अरुंद गल्ली, आणि प्रत्येक घर सुमारे सतरा मीटर लांब-रुंद, अशी आखीव मांडणी तिथे दिसते. घरातली एक खोली मात्र लगेच ओळखू येते. तिचे दार भिंतीच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेले असते, भिंतींच्या कडेने जमिनीपेक्षा थोडा उंच ओटा असतो, आणि मधल्या जमिनीवर कधीकधी रंगीत गोट्यांची नक्षी असते. ही पुरुषांची बैठकीची खोली. भिंतींना लागून पलंग एकापुढे एक असे मांडायचे, म्हणून दार बाजूला घ्यावे लागे. लहानशा खोलीत साधारण सात पलंग बसत.

स्वयंपाकघर असे ठाशीव प्रत्येक घरात आढळत नाही. मातीच्या उचलत्या शेगड्या असत, आणि ऊन, वारा, धूर पाहून त्या अंगणात किंवा आत नेल्या जात. अथेन्सच्या अगोरा, म्हणजे बाजारचौकाच्या, परिसरातल्या उत्खननात लहान मुलाला बसवण्याची मातीची खुर्ची मिळाली आहे, तिला खाली शौचासाठी भोक आहे. मोठ्यांचा मैला काढून नेणारे कामगार वेगळे असत, आणि त्यांनी तो नगराच्या तटापासून दहा स्टेडियाच्या, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटरच्या आत टाकू नये, यावर देखरेख ठेवणारे अधिकारी नेमलेले असत. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात हे काम सांगितले आहे. त्याच अधिकाऱ्यांकडे आणखी एक काम होते, ते पुढे येईल.

घरात सर्वांत जास्त वेळ खाणारे काम दळणाचे होते. अथेन्सच्या भोवतालच्या अॅटिका प्रदेशात पाऊस कमी आणि जमीन हलकी असल्यामुळे गव्हापेक्षा जव अधिक भरवशाने येई. जव भाजून, दळून, त्याचे पीठ पाणी, तेल किंवा दूध घालून मळायचे आणि त्याचे गोळे खायचे, हे रोजचे अन्न होते. गव्हाची भाकरी त्यापेक्षा वरच्या दर्जाची मानली जाई. जुन्या काळी दळण्यासाठी आडवा दगड खाली ठेवून त्यावर दुसरा दगड पुढेमागे रेटत. आपला पाटा-वरवंटा डोळ्यांसमोर आणला तर ही कृती नेमकी कळते, फक्त इथे वाटण्याऐवजी सगळ्या घराचे पीठ काढायचे असे. पुढे वरच्या दगडाला खाच पाडून त्यात धान्य ओतायची आणि दांड्याने तो दगड बाजूंना हलवायची सोय झाली. असे दगड ओलिंथॉसमध्ये मिळाले आहेत. गोल फिरणारे जाते ग्रीकांच्या घरांत त्यानंतरच्या काळात आले.

प्रौढ माणसाची दिवसाची शिधा एक खोइनिक्स, म्हणजे सुमारे एक लिटर धान्य, असे माप धरले जाई. पर्शियाचा राजा झर्क्सिस याच्या सैन्याला रोज किती गहू लागला असेल याचा हिशेब इतिहासकार हेरोडोटसही माणशी एक खोइनिक्स याच मापाने मांडतो. घरात सहा-सात माणसे असली, तर रोज तेवढे धान्य दगडावर रेटून पीठ करायचे, म्हणजे कोणाच्या तरी पाठीचे आणि गुडघ्यांचे दिवसचे दिवस त्यात गेले. युफिलेटॉसला पत्नीचे प्रकरण कळले, तेव्हा त्याने घरातल्या दासीला धमकी दिली की खरे सांगितले नाहीस तर चाबकाने फोडून काढीन आणि कायमची दळणाला जुंपीन. तिला ती धमकी पुरली. लेस्बॉस बेटावरचे एक दळणाचे गाणे नंतरच्या काळातल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नोंदवून ठेवले आहे: दगडा, दळ रे दळ, पिटाकॉसही दळतो, थोर मिटिलिनेचा तो राजा. पिटाकॉस हा इसवी सनपूर्व 600 च्या सुमारास मिटिलिने नगराचा शासक होता. दळणारी बाई आपल्याबरोबर राजालाही दळायला बसवते, हे गाणे मला ग्रीक साहित्यातल्या पुष्कळ मोठ्या काव्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

पिठाच्या या मुख्य अन्नाबरोबर जे काही तोंडी लावायचे ते सगळे दुय्यम मानले जाई: ऑलिव्ह, कांदा, लसूण, चीज, मसूर, अंजीर, खारवलेले मासे, आणि ऐपत असेल तर ताजे मासे. तोंडीलावण्याचा मोह म्हणजे संयमाचा अभाव, अशी समजूत होती. सॉक्रेटिसचा शिष्य आणि लेखक झेनोफन सांगतो की जेवणाच्या वेळी एक तरुण भाकरी बाजूला ठेवून नुसते तोंडीलावणेच खात होता, ते सॉक्रेटिसने पाहिले आणि अशा माणसाला काय म्हणावे, यावर तिथेच चर्चा सुरू केली. बैलाचे, बकऱ्याचे मांस बहुधा देवाला बळी दिल्यावरच मिळे. मांडीची हाडे चरबीत गुंडाळून देवासाठी जाळली जात आणि मांस लोकांत वाटले जाई. अथेनादेवीच्या उत्सवात बळी दिलेल्या गायींचे मांस केरामेकॉस भागात नागरिकांना वाटावे, असा ठरावच इसवी सनपूर्व चौथ्या शतकात कोरून ठेवलेला सापडला आहे. सामान्य घराला पोटभर मांस मिळण्याचे दिवस म्हणजे सणाचे दिवस.

अॅटिकात पिकणारे धान्य नगराला पुरत नसे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या बॉस्पोरसच्या राज्यातून दर वर्षी चार लाख मेडिम्नॉस धान्य येते, असे अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने एका भाषणात सांगितले आहे. एक मेडिम्नॉस म्हणजे अठ्ठेचाळीस खोइनिक्स. अथेन्समध्ये राहणाऱ्या कोणीही अथेन्सखेरीज दुसऱ्या बंदरात धान्य नेऊ नये, असा कडक कायदा होता. याच मापाचा आणखी एक उपयोग स्त्रियांच्या स्थितीवर उजेड पाडतो: एका मेडिम्नॉस जवाच्या किमतीहून मोठा व्यवहार स्त्रीला स्वतःच्या नावाने करता येत नसे. वडील, नवरा, भाऊ किंवा मुलगा यांपैकी कोणीतरी तिचा पालक असे, आणि हुंडाही त्याच्याच हाताखाली राही. मात्र घटस्फोट झाल्यास तो परत करावा लागे, त्यामुळे तिला थोडे संरक्षण मिळे. मुलीचे लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, आणि नवरा बहुधा तिशीच्या आसपासचा. झेनोफनच्या एका संवादातला श्रीमंत जमीनदार सांगतो की पत्नी घरी आली तेव्हा ती पंधरा वर्षांचीही नव्हती, आणि लोकर घेऊन त्यातून वस्त्र तयार करणे, एवढेच तिला येत होते.

स्त्रियांनी घरात राहावे, हा आदर्श होता; सगळ्यांना तो पाळता येत नव्हता. युफिलेटॉसच्या पत्नीला तिच्या प्रियकराने प्रथम पाहिले ते सासूच्या अंत्ययात्रेत, आणि निरोप पोचवले ते बाजारात जाणाऱ्या दासीकडून. थेस्मोफोरिया हा डेमिटर देवीचा तीन दिवसांचा सण केवळ बायकांचा, आणि त्या सणाला ती त्या माणसाच्या आईबरोबर गेली होती. पाणी भरायला कारंज्यावर जाणाऱ्या बायकांची चित्रे ग्रीक मडक्यांवर पुष्कळ आहेत. गरीब घरातल्या बायका तर बाजारात बसत. डेमॉस्थेनिसने लिहिलेल्या एका भाषणात एक माणूस आपले नागरिकत्व सिद्ध करतो आहे. विरोधकांचा आक्षेप असा, की त्याची आई बाजारात फिती विकत होती आणि पूर्वी दुसऱ्याच्या मुलाला दूध पाजण्याची नोकरी करत होती, म्हणजे ती नागरिक कुळातली नसणार. तो उत्तर देतो की गरिबी स्वतंत्र माणसांनाही हलकी कामे करायला लावते, आणि बाजारात काम करण्यावरून कोणा नागरिकाला हिणवणे कायद्यानेच मना आहे. असा कायदा करावा लागला, यावरून हिणवणारे किती होते हे दिसते.

लोकरीचे काम मात्र गरीब-श्रीमंत सगळ्याच घरांत बायकांचे होते. लोकर धुणे, विंचरणे, टकळीवर सूत काढणे आणि उभ्या मागावर विणणे, ही कामे घरातच होत. मागाच्या वरच्या आडव्या दांड्याला उभे धागे बांधत आणि खालून मातीची वजने लटकवून ते ताणून धरत. लाकडी माग कुजून गेले, पण ती वजने ओलिंथॉसच्या घरांत ढिगांनी सापडली. तयार झालेले चौकोनी वस्त्र फारसे न कापता, न शिवता अंगाभोवती गुंडाळून पिनांनी अडकवत, आणि जाड वस्त्र रात्री पांघरायलाही चाले.

या कामाविषयी झेनोफनने सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. स्पार्टाबरोबरच्या युद्धात इसवी सनपूर्व 404 मध्ये झालेल्या पराभवानंतर अथेन्समध्ये यादवी माजली आणि पुष्कळ लोक पिरिअस बंदराकडे निघून गेले. अरिस्टार्कॉस नावाच्या गृहस्थाच्या घरी मागे राहिलेल्या बहिणी, भाच्या-पुतण्या आणि चुलत-मामे बहिणी येऊन राहिल्या. गुलाम वगळून घरात चौदा माणसे झाली. शेते शत्रूच्या ताब्यात, घरभाडे येईना, सामान विकत घ्यायला कोणी नाही, कर्जही मिळेना. सॉक्रेटिसने त्याला विचारले, अमुक माणूस पीठ विकून आणि तमुक माणूस झगे विकून एवढ्या लोकांना पोसतो, मग तुला का जमत नाही? अरिस्टार्कॉस म्हणाला, त्यांच्याकडे विकत घेतलेले गुलाम आहेत, माझ्या घरच्या स्वतंत्र आणि नात्यातल्या बायका आहेत. त्यावर सॉक्रेटिस म्हणाला, स्वतंत्र आणि नात्यातल्या आहेत म्हणून त्यांनी नुसते खावे आणि झोपावे का? मग पैसे उसने काढून लोकर आणली गेली. बायका काम करता करता दुपारचे जेवू लागल्या, काम संपवून रात्रीचे जेवू लागल्या, आणि सुतकी चेहरे हसरे झाले. थोड्या दिवसांनी अरिस्टार्कॉस परत आला आणि म्हणाला, आता त्या म्हणतात की घरात एकटा मीच बसून खातो. सॉक्रेटिसने त्याला मेंढ्यांची आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली: मेंढ्यांनी तक्रार केली की आम्ही लोकर, कोकरे आणि चीज देतो, पण घास मात्र कुत्र्याला मिळतो, कुत्रा म्हणाला, मी राखण करतो म्हणूनच तुम्ही निर्धास्त चरता. झेनोफनला ही गोष्ट सॉक्रेटिसच्या शहाणपणाचा दाखला म्हणून सांगायची आहे. मला मात्र तीत त्या बायकांचे म्हणणे अधिक बरोबर वाटते: हातात काम आल्याबरोबर त्यांना घराचा हिशेब दिसू लागला.

पुरुषांच्या बैठकीविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्याविषयी एरवी पुष्कळ लिहिले जाते. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून पलंगांवर पहुडत. मद्य मोठ्या भांड्यात पाणी घालून पातळ केले जाई. पाण्याशिवाय मद्य पिणे हे रानटी लोकांचे लक्षण मानत. गाणी होत, वाद होत, आणि पेल्यातले शेवटचे थेंब नेमावर उडवण्याचा खेळ होई. घरच्या बायका तिथे येत नसत. जोडपाव्यासारखे वाद्य वाजवणाऱ्या मुली भाड्याने आणत, आणि त्या बहुधा गुलाम असत. वर ज्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आला, त्यांचे दुसरे काम हेच: अशा मुलीचे भाडे दोन द्राख्मांच्या (द्राख्मा हे चांदीचे नाणे) वर जाऊ द्यायचे नाही, आणि एकाच मुलीसाठी दोघे-तिघे अडून बसले तर चिठ्ठ्या टाकायच्या. मैला आणि या मुली, दोन्ही एकाच खात्याकडे सोपवलेले होते.

गुलामांची किंमत काय असे, हे एका दुर्घटनेमुळे कळते. इसवी सनपूर्व 415 मध्ये अथेन्सच्या दारोदारी असलेल्या हर्मिस देवाच्या मूर्ती कोणीतरी एका रात्रीत विद्रूप केल्या. दोषी ठरलेल्यांची मालमत्ता लिलावात विकली गेली आणि तिची यादी दगडावर कोरून ठेवली गेली. पिरिअसमध्ये राहणाऱ्या केफिसोडोरॉस या परदेशी रहिवाशाच्या यादीत एक सीरियन पुरुष 301 द्राख्मांना, एक थ्रेसची स्त्री 220 ला आणि कारियाचे एक मूल 72 ला विकले गेल्याची नोंद आहे. नावे नाहीत, देश, पुरुष, स्त्री की मूल, आणि किंमत एवढेच. त्याच सुमारास अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर एरेक्थियनचे मंदिर बांधले जात होते, आणि तिथल्या हिशेबांवरून दिसते की कसबी कामगाराची रोजी एक द्राख्मा होती. शेजारी-शेजारी काम करणाऱ्या नागरिकाला, परदेशी रहिवाशाला आणि गुलामाला तीच रोजी लागू होती. फरक एवढाच, की गुलामाचे पैसे मालकाकडे जात. त्या काळचा एक अनामिक लेखक कुरकुरतो की अथेन्समध्ये रस्त्यावर गुलामाला मारण्याची सोय नाही, कारण सामान्य लोकांचे कपडे आणि गुलामांचे कपडे सारखेच असतात, आणि चुकून नागरिकालाच मार बसायचा.

नवा गुलाम घरात आला की त्याला चुलीजवळ बसवून त्याच्या डोक्यावर सुके अंजीर, खजूर, दाणे-फळे उधळत. नवरी घरी आली की तिच्यावरही हेच उधळत. चूल हेस्टिया देवीची, कोठारातला घट झ्यूसचा, आणि घरात जे कोणी नवे येईल ते या देवांच्या हवाली करायचे, अशी त्यामागची श्रद्धा होती.

मालकाने मुक्त केले, तरी गुलाम नागरिक होत नसे. तो परदेशी रहिवासी गणला जाई, पुरुषाला वर्षाला 12 आणि स्वतंत्रपणे राहणाऱ्या स्त्रीला 6 द्राख्मा कर भरावा लागे, आणि अॅटिकात जमीन किंवा घर त्याला विकत घेता येत नसे. अपवाद क्वचित होत. पासिऑन हा सराफाच्या पेढीवरचा गुलाम मुक्त झाला, पेढीचा मालक झाला, नगराला हजार ढाली दान केल्या आणि लोकसभेच्या ठरावाने नागरिक झाला. इसवी सनपूर्व 370 च्या सुमारास तो वारला. पत्नी आर्किप्पे हिने पासिऑननेच मुक्त केलेला गुलाम फॉर्मिऑन याच्याशी लग्न करावे, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली, आणि हुंडा म्हणून रोख रक्कम, भाड्याची एक इमारत, दागिने, घरातले सामान आणि दासी दिल्या. पासिऑनचा मुलगा अपोलोडोरॉस याला हे मान्य नव्हते. मृत्युपत्र खोटे आहे असे म्हणत तो न्यायालयात गेला, आणि त्या खटल्यातल्या भाषणामुळे ही सगळी यादी आपल्यापर्यंत आली.